घाट उतरताना गाडी न्यूट्रल करावी का?

प्रश्न : पाचगणीहून वाईला येताना माझा भाऊ पसरणी घाटात बाईक बंद करून न्यूट्रलमध्ये सोडतो, पेट्रोल वाचतं म्हणतो. ऊर्जा नष्ट होत नाही ना, मग वरची ऊर्जा खाली येईपर्यंत जाते कुठे? आणि डबलसीट असलं की गाडी जास्त का पळते? – एक वाचक, वाई

उत्तर : आधी भावाला हे थांबवायला सांगा, खरंच सांगतोय. उतार साधारण साडेपाचशे मीटरचा, बाईक, दोघंजण आणि सामान मिळून ३०० किलो धरा, म्हणजे वरून निघताना जवळपास १६ लाख ज्यूल ऊर्जा तुमच्याकडे असते. घर्षण, हवा काहीच नसतं तर खाली वेग ताशी ३७० किलोमीटरच्या वर गेला असता! प्रत्यक्षात तुम्ही ४० ने उतरता, आणि त्या वेगात उरतात जेमतेम १९ हजार ज्यूल. बाकी सगळी उष्णता. थोडी हवेत, थोडी टायरमध्ये, आणि गाडी न्यूट्रलला असेल तर उरलेली जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये. एवढ्या उष्णतेत पाच लिटर पाण्याला उकळी येईल. डिस्क तापली की ब्रेक ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर दाबला तरी मऊ लागतो, ड्रम ब्रेकवाल्या गाडीत तापल्यावर पकडच कमी होते.

गिअरमध्ये असाल तर यातला मोठा वाटा इंजिन खातं, म्हणून चढायला जो गिअर लागतो त्यातच उतरायचं हा जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम अगदी बरोबर आहे. आणि पेट्रोलचं म्हणाल तर फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून थ्रॉटल सोडला की बहुतेक वेळा पेट्रोल जवळजवळ बंदच होतं, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं, उलट इंजिन चालू ठेवून न्यूट्रल केलं तर आयडलिंगला पेट्रोल जातंच.

डबलसीटचं असं, वजन वाढलं की खाली ओढणारं बल त्याच प्रमाणात वाढतं पण हवेचा विरोध तेवढा वाढत नाही, म्हणून गाडी पळते. त्याच वेगाने उतरायचं तर ब्रेकला जास्त काम.

इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर यातली थोडी ऊर्जा बॅटरीत परत येते, पण बॅटरी आधीच फुल असेल तर ती घ्यायला जागाच नसते आणि मोटरचं ब्रेकिंग कमी पडतं, त्यामुळे पाचगणीत शंभर टक्के चार्ज करून लगेच घाट उतरायला लागू नका.