जुने फ्रेंच कॉफी-बोल घेताना अस्सल कसे ओळखायचे आणि ते वापरता येतात का?

नक्षी बघायच्या आधी बोल उलटा करा. मी ल्योंमध्ये राहते, इथल्या जुन्या बाजारांत हेच करते, आणि विक्रेत्यालाही कळतं की बाईला थोडंफार समजतं.

हा बोल म्हणजे बिनकानाचा, खाली बसका पाय असलेला, सकाळच्या दूध-कॉफीचा. आपण चहात पाव बुडवतो तसा इथे लोणी लावलेला पाव बुडवतात, म्हणून तोंड एवढं रुंद. वर्षानुवर्षं वापरलेल्या बोलच्या पायाची कड घासून गुळगुळीत झालेली असते आणि तिच्यात मळ मुरलेला असतो. कड कोरी करकरीत असेल तर जरा थांबा.

तळाला कारखान्याचा शिक्का असला तर उत्तम, पण त्यावरून लगेच साल ठरवू नका. 'दिग्वाँ-सार्गमीन' हा जोडशिक्का खूप दिसतो. 1871 मध्ये फ्रान्सचं सार्गमीन शहर जर्मनीकडे गेलं, म्हणून तिथल्या भांड्यांच्या कारखान्याने फ्रान्सच्या हद्दीत दिग्वाँला दुसरी शाखा काढली. शहर परत फ्रान्सकडे आलं तरी जोडनाव पुढे कितीतरी वर्षं चाललं.

मला स्वतःला 1920-30 च्या सुमाराचे फवारणीचे बोल आवडतात. नक्षी कापलेला साचा धरून वरून रंग फवारायचे. भिंगाखाली रंगाचे बारीक दाणे दिसतात, आणि आकृतीच्या एका बाजूला कड धारदार, दुसरीकडे रंग विरत गेलेला. छापील नक्षीत हे दिसत नाही. फ्रान्सच्याच ब्रिटनी भागातले दोन कानांचे, नाव रंगवलेले बोल गोड असतात, पण ते आजही पर्यटकांसाठी बनतात. जुन्याचा भाव देऊ नका.

टिचकी मारून बघा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. झिलईवरच्या केसासारख्या रेषा मात्र तडा नव्हे. आतली माती आणि वरची झिलई सारखी आकुंचन पावत नाहीत, म्हणून त्या पडतात. त्यांतून कॉफी आत मुरते आणि तपकिरी डाग येतात. मला ते चालतात. ब्लीचमध्ये मात्र बोल बुडवू नका, ते मातीत शिरून बसतं.

वापरायचं म्हणाल तर मी त्यांत फक्त किल्ल्या आणि सुटे पैसे ठेवते. जुन्या झिलईत शिसं असू शकतं, त्यामुळे रोजची कॉफी नव्या बोलमध्येच. मायक्रोवेव्हचं तर नावच नको. एकात एक रचून ठेवणार असाल तर मध्ये कागद घाला, वरच्याच्या पायाची कड खालच्याच्या झिलईवर ओरखडे काढते.