वाचक विचारतात: खान्देशच्या उन्हात स्पेस मरीन रंगवताना

जळगावहून एक कॉलेजवाला वाचक: दादा, मे महिन्यात दुपारी गच्चीवर पाच स्पेस मरीनना (वॉरहॅमर या टेबलावरच्या खेळातले छोटे शिपाई) काळा स्प्रे प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारला, वाळल्यावर बोट फिरवलं तर सगळं खरखरीत. डबाच खराब निघाला का?

डबा चांगला असणार भाऊ, वेळ चुकली. स्प्रेमधून रंग बारीक थेंबांनी निघतो, आपल्याकडे पारा ४४ ला टेकलेला आणि खाली स्लॅब तापलेला, मग तो थेंब मिनीपर्यंत, म्हणजे त्या छोट्या शिपायापर्यंत, पोचायच्या आधी हवेतच वाळतो आणि ओल्या रंगाऐवजी भुकटी येऊन चिकटते. उन्हाळ्यात सकाळी साडेसहा-सातलाच मारायचा, सावलीत, वारा पडलेला असताना, आधी डबा चांगला दोन मिनिटं हलवायचा आणि १५-२० सेंटिमीटरवरून छोटे छोटे फवारे द्यायचे, लांबून मारलं की हमखास भुकटी. डबा गच्चीवर किंवा गाडीत विसरू नका, त्याच्यावर ५० डिग्रीची मर्यादा छापलेली असते आणि बंद गाडी मे महिन्यात ती आरामात ओलांडते. पावसाळ्याचं दुखणं वेगळं, दमट हवेत मॅट व्हार्निशचा (रंगावरचा शेवटचा, चमक नसलेला थर) स्प्रे मारला की मिनीवर पांढरट धुकं बसतं. म्हणून मी तर म्हणेन खान्देशात राहणाऱ्याने ब्रशने लावायचा प्रायमर घरात ठेवावाच, तो बारा महिने चालतो.

त्या पाच जणांना टाकून देऊ नका. खरखर थोडीच असेल तर कोरड्या टूथब्रशने हलकं घासा, आणि चिलखतावरची बारीक नक्षीच बुजली असेल तर झाकणाच्या बरणीत आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास बुडवून मग घासा, बराचसा रंग निघतो. हातमोजे घाला, गॅस-काडेपेटीपासून लांब बसा. हे प्लास्टिकच्या मिनींसाठी सांगतोय, रेझिनच्या मिनींना नको, ते वेगळं, ठिसूळ मटेरियल आहे.

भुसावळहून एक आई: मुलगा नववीत आहे. भाच्याने त्याला वॉरहॅमरचा बॉक्स दिला. फेविक्विकने शिपायांचे हात चिकटवतो आणि पडलं की तेच हात पुन्हा निखळतात. त्या वासाचीही मला भीती वाटते.

ताई, त्याला प्लास्टिक सिमेंट आणून द्या, हॉबीच्या सामानात मिळतं. हे मॉडेल पॉलिस्टायरीनचं असतं, प्लास्टिक सिमेंट त्याचा पृष्ठभाग विरघळवतं आणि दोन्ही तुकडे एकजीव होतात, वेल्डिंगच म्हणा. फेविक्विक दोन्हींच्या मधे नुसतं थर होऊन बसतं आणि तो थर ठिसूळ, म्हणून टेबलावरून पडलं की हात निघाला. खांद्याच्या खोबणीत जुना वाळलेला गोंद दिसत असेल तो आधी ब्लेडने खरवडून काढायला सांगा, दोन्ही बाजूंना सिमेंटचा पातळ थर, मग अर्धा मिनिट दाबून धरायचं, कडेने बारीक कड वर येते ती तेव्हा पुसायची नाही, दुसऱ्या दिवशी कडक झाली की खरवडायची, जोड दिसतसुद्धा नाही. धातू किंवा रेझिनच्या मिनीला मात्र फेविक्विकच लागतं कारण सिमेंट त्यांना विरघळवत नाही. आणि फेविक्विक हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, त्यामुळे आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत वेळ लावतं, जोडायच्या आधी तुकड्यावर तोंडाची एक वाफ सोडली की काम होतं.

वासाची काळजी बरोबरच आहे, दोन्ही गोंदांना खिडकी उघडी पाहिजे. रंग पाण्यातले ॲक्रेलिक असतात, त्यांचा फार त्रास नाही, फक्त ब्रशला टोक काढायला तो तोंडात घालायची सवय पोरांना लागते ती आत्ताच मोडा. रेझिन घासायची वेळ आली तर ओलं करून आणि मास्क लावूनच. बाकी नववीतलं पोरगं नकाशा बघून शंभर तुकडे लावतंय, बसू द्या त्याला निवांत.

शिरपूरहून: भो, रंग ब्रशवरच वाळून जातो. चेहरा करायला घेतला की गुठळ्या.

ही आपल्या सगळ्यांचीच तक्रार आहे आणि उपाय घरातलाच आहे, ओली पॅलेट. पसरट डबा घ्या, तळाशी टिश्यूची जाड घडी, ती पाण्याने चिंब, वर बेकिंगचा बटर पेपर आणि त्यावर रंग काढायचा, खालून ओल मिळत राहते आणि झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही रंग जिवंत असतो. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर रंग पातळ करायला आरओचं घ्या, नाहीतर वॉश (खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग) वाळल्यावर खाचांत पांढरे डाग राहू शकतात. कूलर आणि पंख्याचा झोत टेबलावर नको. रंग दुधाइतका पातळ, एक हात पूर्ण वाळल्यावर दुसरा, पहिल्या हातात खालचा प्रायमर दिसला तर दिसू द्या, तिथेच घाई होते आणि जाड थर बसून नाकडोळे बुजतात. चेहऱ्याला आधी गव्हाळ रंग, मग तपकिरी वॉश जो आपोआप डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाच्या कडेला उतरतो, तो वाळला की नाक, गाल, हनुवटी एवढंच परत उजळ करा. डोळ्यात बुबुळ काढायच्या मागे लागू नका, हातभर अंतरावरून सावलीच जास्त खरी दिसते. आणि गोऱ्याच रंगाचे शिपाई करायचे असं कुठे लिहिलंय, मला तर आपल्यासारखे सावळे रंगवायलाच आवडतात.

रावेरहून: बेस (मिनी उभी राहते ती चकती) सजवायचं सामान कुरियरने फार महाग पडतं. इथलं काही चालेल का?

चालेल काय, तुमच्याकडे खजिना आहे. तापीची वाळू चहाच्या गाळणीतून गाळा, तव्यावर भाजून घ्या म्हणजे ओल आणि किडे दोन्ही जातात, मग पाणी मिसळलेल्या फेविकॉलवर पसरा. कण बारीकच पाहिजे, कारण २८ मिलिमीटर स्केलमध्ये, म्हणजे माणूस साधारण २८ मिलिमीटर उंच धरला तर, १ मिलिमीटरचा खडा म्हणजे त्या शिपायाच्या पायाशी सहा सेंटिमीटरचा दगड. केळीच्या वाळलेल्या खोडाचे धागे बारीक कापून झुपक्याने उभे चिकटवा, हिरव्याऐवजी जांभळट रंगवले की परग्रहावरचं गवत तयार. शेतातली काळी माती वापरली तरी वरून रंग द्याच, नुसती माती मेलेली दिसते, गडद तपकिरी देऊन वर फिकट राखाडीचा ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश वरवर, मारला की उन्हाळ्यात भेगा पडलेलं कपाशीचं रान होतं. आणि बेसची काळी कड शेवटी स्वच्छ रंगवून घ्या, तेवढ्याने मिनी पूर्ण वाटते.

नंदुरबारहून: रेझिनच्या मिनीची बंदुकीची नळी वाकडी झालीय. सरळ करताना तुटेल का?

थंड असताना वाकवली तर तुटेल. गरम पाण्यात, उकळत्या नाही, अर्धा-एक मिनिट धरा, नरम झाली की सरळ करून लगेच माठातल्या गार पाण्यात बुडवा, आहे तशी घट्ट होते. नंतर उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, परत वाकेल.