ॲटलास पतंग बघायचाय? मग हे वाच
पावसाळ्यात आंबोलीला चाललायस ना, मग ॲटलास पतंगासाठी (फुलपाखरासारखा दिसणारा मोठा रात्रीचा किडा) रात्रभर जंगलात भटकू नकोस, पहाटे उठून लॉजच्या लाइटखालच्या भिंती बघ, रात्री दिव्याला आलेला बरेचदा तिथंच चिकटून बसलेला असतो. मोठ्या मादीचे पंख पसरले की 20 सेंमीच्या वर जातात, दचकशील! पंखांच्या टोकाला सापाच्या तोंडासारखी नक्षी दिसते पण चावणार कशाने, प्रौढ पतंगाला खायला चालणारं तोंडच नसतं, सुरवंट असताना साठवलेल्या चरबीवर आठवडा-दोन आठवडे जगतो, त्यामुळे साखरपाणी ठेवायच्या भानगडीत पडू नको आणि व्हिडिओसाठी डिवचून उडवू तर अजिबात नको, ताकद संपते बिचाऱ्याची. मिशा नीट बघ, रुंद पिसासारख्या असतील तर नर. फोटो वरून सरळ काढ, पंखांची टोकं फ्रेममध्ये हवीतच.