प्यादं फुकट मिळालं आणि आठव्या चालीत मात

प्रश्न : मी बुद्धिबळात तीन मिनिटांचे ब्लिट्झ, म्हणजे झटपट डाव, खेळतो. मी ई४, समोरचा ई५, मी घोडा एफ३ ला काढला की तो ई५ चं प्यादं न वाचवता घोडा एफ६ ला आणतो. मी प्यादं मारतो आणि पुढच्या काही चालींत माझा वजीर तरी जातो नाहीतर थेट मात. मग ते प्यादं मारायचंच नाही का?

उत्तर : मारा की, बिनधास्त मारा! घोडा एफ६ म्हणजे पेट्रॉफ नावाची सुरुवात, तिथपर्यंत सगळं सरळ आहे. त्यानंतर तो दुसरा घोडा सी६ ला आणतो ना, तो स्टॅफर्ड गॅम्बिट, म्हणजे हल्ल्यासाठी प्यादं सोडून देणं, आणि इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) लावून बघाल तर काळ्याची पोझिशन चक्क वाईट असते. तरी ब्लिट्झमध्ये लोक हरतात कारण तिथे जी चाल पटकन सुचते तीच नेमकी घात करते. बघा, तुम्ही सी६ चा घोडा मारला, त्याने डीच्या प्याद्याने परत मारलं, तुम्ही डी३, त्याचा उंट सी५ ला, आणि आता एफ६ चा घोडा पिन करू, म्हणजे तो हलला तर मागचा वजीर जाईल असा अडकवू, म्हणून हात आपोआप उंट जी५ ला नेतो. झालं! तो पिन झालेला घोडाच ई४ चं प्यादं मारतो. तुम्ही खुशीत डी८ चा वजीर उचलता, तो उंटाने एफ२ वर शह देतो, राजाला ई२ हे एकच घर उरतं, मग दुसरा उंट जी४ ला आणि मात. वजीर सोडून घोडा मारलात तरी एफ२ वर शह आहेच, आणि डी फाइल (डीची उभी रांग) उघडी पडल्यामुळे तुमचा वजीर जातो.

जी५ सोडा, उंट ई२ ला ठेवा. मग सी३ आणि जमेल तेव्हा डी४, म्हणजे सी५ च्या उंटाचं तोंड बंद. त्याने एच५ केलं असेल तर कॅसलिंगची घाई नको, आणि कॅसलिंग झालंच असेल तर जी४ ला आलेला घोडा एचच्या प्याद्याने मारू नका, एच फाइल तुमच्याच राजावर उघडते. तीन मिनिटांतले दहा-पंधरा सेकंद इथे घालवलेत तरी चालतील, एक प्यादं वर आहात.

प्रश्न : स्वतः कोणता ट्रॅप (सापळा) शिकू?

उत्तर : समोरच्याने ओळखला तरी तुमचा डाव बिघडणार नाही असा. पांढऱ्याकडून खेळायचा फ्राइड लिव्हर शिका, समोरच्याने घोडा ए५ वर नेऊन सुटका करून घेतली तरी तुमच्याकडे एक प्यादं जास्त राहतं. ब्लॅकबर्न शिलिंग हा काळ्याचा सापळा मात्र मला अजिबात पटत नाही, घोडा डी४ ला नेऊन ठेवायचा आणि समोरचा ई५ चं प्यादं खाईल म्हणून वाट बघायची, त्याने शांतपणे डी४ चा घोडाच मारला तर तुमचं एकही मोहरं बाहेर नसतं.

प्रश्न : बुलेटमध्ये, म्हणजे ब्लिट्झहूनही झटपट ऑनलाइन डावात, पहिल्या दोन-तीन चाली प्रीमूव्ह केल्या, म्हणजे समोरचा खेळायच्या आधीच लावून ठेवल्या, तर चालतं का?

उत्तर : तुम्ही काळ्याकडून जी६ खेळून उंट जी७ ची प्रीमूव्ह लावता ना? पांढऱ्याने पहिली चाल डी४ केली असेल तर दुसऱ्या चालीला तो उंट थेट एच६ वर टाकतो. तुम्ही बघत असता तर तो उंट फुकट मिळाला असता, पण प्रीमूव्हमुळे तुमचा उंट जी७ ला जातो, मारला जातो आणि पाठोपाठ कोपऱ्यातला हत्तीही अडकतो.