सासऱ्यांची ठेव मोडून वराहपालन सुरू करावं का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचताना डोळ्यांपुढे उभे राहिले ते तुमचे ७१ वर्षांचे सासरे. जनावरांच्या प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे चारला उठून गाईच्या शिंगांना स्वतःच्या हाताने तेल लावणारे. गोव्यात वाळपईजवळ तीन पिढ्यांचं घर, थोडं कुळागर म्हणजे सुपारीची बाग, आणि गोठ्यात अकरा श्वेतकपिला, आपल्या गोव्याच्या देशी गाई. हॉटेलची नोकरी सोडून आलेल्या पुतण्याला आता त्याच आवारात पन्नास माद्यांचं वराहपालन करायचंय, शिवाय अडीच लाखांचा प्रदर्शनाचा वळू आणायचाय. त्यासाठी सासऱ्यांची ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतली १८ लाखांची ठेव मोडावी का, असं तुम्ही विचारलंय.

मोडू नका. ८.२ टक्क्यांनी तिचे दर तिमाहीला ३६,९०० रुपये येतात. श्वेतकपिला दिवसाला दोन-तीन लिटर दूध देते, त्यावर घर चालत नाही. ठरल्या तारखेला घरात येणारा पैसा हा एवढाच आहे.

पुतण्याला ५० टक्के अनुदानाची ओढ आहे, ते मी समजू शकतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० माद्या आणि ५ नरांच्या युनिटला १५ लाखांपर्यंत अनुदान आहे. पण ते शेड आणि जनावरांसारख्या भांडवली खर्चाला मिळतं, रोजच्या खाद्याला नाही. आता खाद्याचा हिशेब करू. ५५ जनावरं, प्रत्येकी रोज अडीच किलो, किलोला ३० रुपये धरले तर दिवसाला ४,१२५ रुपये. वर्षाला १५ लाख, म्हणजे अनुदानाएवढीच रक्कम. पिल्लांचं खाद्य यात नाही. मादी ११४ दिवस गाभण राहते, पुढे पिल्लू विकण्याजोगं व्हायला सात-आठ महिने. पहिला मोठा पैसा हातात यायला वर्ष जाईल, आणि ते वर्ष कशावर काढायचं याचं उत्तर पुतण्याच्या कागदावर मला दिसलं नाही.

तो म्हणेल, ओळखीच्या हॉटेलांतून उष्टं फुकट मिळतं. मिळतं, पण नीट उकळल्याशिवाय ते घातलं तर आफ्रिकन स्वाइन फीव्हर घरी आणल्यासारखं आहे. २०२० पासून हा रोग देशात आहे, त्यावर उपचार नाही, आणि लागण सापडली की आसपासची धडधाकट डुकरंही मारावी लागतात. हा रोग गाईंना होत नाही. लाळ्या-खुरकूत मात्र दोघांनाही होतो, आणि लागण झालेलं डुक्कर श्वासावाटे गाईपेक्षा कितीतरी जास्त विषाणू सोडतं. गोठा आणि शेड एकाच आवारात, दोन्हीकडे माणसं तीच, बादल्या त्याच. अशाने सासऱ्यांनी आयुष्यभर जपलेला कळप धोक्यात येईल. म्हणून शेड गोठ्यापासून लांब, कुळागराच्या पलीकडच्या टोकाला हवी.

आणि ती जमीन कोणाची? एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या सातबाऱ्यावर, अजून आजेसासऱ्यांचंच नाव आहे, असं तुम्ही सहज लिहून गेलात. मला पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच वाटली. आपल्या गोव्याच्या कायद्यात मुलींचा वाटा मुलांइतकाच. तुमच्या दोन्ही आतेसासवा हिस्सेदार आहेत, आणि सह्या त्यांच्या यजमानांच्याही लागतील. इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वारसांची नोंद आणि वाटणी, झाल्याशिवाय त्या जमिनीवर कर्ज काढणं कठीण आहे. कर्जाशिवाय शेड बांधली तरी उद्या वाटणीत ती कोणाकडे जाईल, सांगता येत नाही.

पुतण्याला नाही म्हणू नका. गोव्यात डुकराच्या मांसाला गिऱ्हाईक आहे आणि हॉटेलांतली माणसं त्याच्या ओळखीची आहेत. पाच माद्यांपासून सुरुवात करू दे. साधी शेड त्याच्या स्वतःच्या तीन लाखांच्या शिलकीतून. खाद्य-औषधासाठी पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्ड काढा. २ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि वेळेवर फेडलं तर व्याज ४ टक्क्यांवर येतं. त्याआधी जुने गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत जाऊन त्याने तिथली डुकरं बघून यावं. त्याचं बँक खातंही वेगळं असू दे, कारण सुपारीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी डुकरांचं आणि दुधाचं उत्पन्न धंद्याचं धरतात.

वळू या वर्षी नको. बक्षिसाच्या रकमेतून अडीच लाख फिटत नाहीत. वळूची किंमत वसूल होते ती त्याच्या वासरांना भाव मिळाला तर, आणि त्यासाठी आधी वंशावळीची नोंद लागते. कोणती गाय कोणाची, कधी व्याली, हे सासऱ्यांना तोंडपाठ आहे म्हणता. पुतण्याला एक वही घेऊन रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसवा.