रेक्याविकमध्ये पारंपरिक जेवण: काय मागवायचं, काय टाळायचं

प्रश्न थोडक्यात असा: फेब्रुवारीत आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये एकच संध्याकाळ मोकळी आहे, मिस्टर मासे-मटण खातात पण गाय-डुक्कर नाही, तुम्ही अंडं चालणाऱ्या शाकाहारी, आणि ‘तो कुजवलेला शार्क’ खायचाच का?

शार्कभोवती जेवण रचू नका, नाहीतर उपाशी उठाल. मिस्टरांसाठी सूप, मासा आणि ब्रेड हे खरं जेवण.

सूप म्हणजे क्योतसूपा. हाडासकट कोकराचं मटण, बटाटा, गाजर, सलगमसारखा पिवळट कंद आणि थोडा वाळवलेला पाला. मसाला शून्य. रश्श्याची अपेक्षा ठेवली तर हमखास निराशा. आपल्याकडचं मटणाचं अळणी डोळ्यांपुढे आणा, मग आवडेल. पुन्हा वाढतात का, ते आधीच विचारा, काही ठिकाणी पैसे न घेता वाढतात.

पुढे प्लोक्कफिस्कुर. कॉड किंवा हॅडक उकडून, काटे काढून, बटाटा-कांद्याबरोबर लोणी, मैदा आणि दुधाच्या पांढऱ्या सॉसमध्ये कुस्करतात. दिसायला साधा, पण पोटाला फार जड. पूर्ण सूप आणि पूर्ण प्लोक्कफिस्कुर एका माणसाला संपत नाही, म्हणून सूप लहान वाटीत मागवा. वरून मिरपूड सढळ हाताने घाला.

सोबत येतो रूगब्रॉइथ, म्हणजे राईचा काळपट, गोडसर ब्रेड. मंद आचेवर तासन्‌तास भाजतात. लॉयगारवात्न तळ्याकाठी तर भांडं गरम जमिनीत पुरून चोवीस तास ठेवतात. केकसारखा दाट लागतो. लोणी बोटभर जाड लावायचं, त्यात कंजुषी नको. याचं गमतीचं नाव ‘थ्रुमारी’, गडगडाट करणारा. कारण पोटात कळतं. दोन कापांवर थांबा.

तुमचं थोडं अवघड आहे. जुन्या आइसलँडी स्वयंपाकात शाकाहारी पदार्थ जवळजवळ नाहीतच. थंडीमुळे भाजीपाला फारसा पिकायचा नाही. फ्लाटकाका मात्र जरूर घ्या: राईच्या पिठाची, यीस्ट न घालता तव्यावर भाजलेली पातळ चकती, काळे डाग पडलेली, थेट भाकरीची चुलत बहीण. ती बहुधा धुरावलेल्या मटणाचे काप ठेवूनच येते, म्हणून ‘नुसती, लोण्याबरोबर’ असं स्पष्ट सांगा. जोडीला अंडं, आणि शेवटी स्कीर. हे दिसतं दह्यासारखं, पण चक्क्यासारखं निथळलेलं ताजं चीज आहे. पारंपरिक स्कीरला वासराच्या पोटातलं, दूध गोठवणारं रेनेट लागतं, तेव्हा काटेकोर असाल तर विचारून घ्या. भाज्यांचं सूप मागवताना ते कशाच्या पाण्यात केलंय, हेही विचारा. बऱ्याच ठिकाणी आता एखादा व्हीगन पदार्थ असतो. जागा ठरवण्याआधी मेनू बघा.

आता हाउकार्त्ल, म्हणजे तोच कुजवलेला शार्क. ग्रीनलंड शार्कच्या ताज्या मांसात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य इतकं असतं की ते विषारी ठरतं. म्हणून मांस काही आठवडे आंबवून मग काही महिने वाऱ्यावर टांगतात. अंगातला युरिया फुटून अमोनिया होतो, तोच तो वास. मुशी शिळी झाली की कोळणीच्या टोपलीतून जो नाकात जातो, त्याचाच थोरला भाऊ. वास चवीपेक्षा वाईट असतो: तोंडात टाकताना श्वास सोडा, चावा, मग ब्रेनिवीनचा घोट, म्हणजे बटाट्याची, शहाजिऱ्याची दारू. एक-दोन चौकोनी तुकडे पुरे. जेवणाच्या अगदी शेवटी घ्या. आधी घेतलंत तर प्लोक्कफिस्कुरची चव गेलीच.

फेब्रुवारीत जुन्या थोर्री महिन्याचं थाळं अनेक ठिकाणी मिळतं: आंबट निवळीत मुरवलेले मेंढ्याचे वृषण, केस जाळून उकडलेलं डोकं, रक्ताचं नि काळजाचं पुडिंग. हे पदार्थ मेंढीचे, म्हणून मिस्टरांच्या अटीत बसतात. पण पूर्ण थाळं एकट्याने मागवू नका. हॉट डॉग मात्र सोडा, त्यात गाय, डुक्कर आणि मेंढी तिन्ही असतात. सुकट मासा, हार्दफिस्कुर, लोणी लावून चघळा. सुक्या बोंबलाची सवय असेल तर हा चुटकीसरशी संपतो.

बिलात कर धरलेला असतो, टिपची प्रथा नाही, कार्ड सगळीकडे चालतं. बाटलीबंद पाणी घेऊ नका, नळाचं थंड पाणी उत्तम आणि फुकट. गंधकाचा वास येतो तो गरम पाण्याच्या नळाला.