वकीलताईंना विचारा : भाऊ आत मार खातोय, पैसे पाठवू का?

प्रश्न : ताई नमस्कार. बांधावरून चुलत्यासोबत भांडण झालं, त्यात त्यांचा हात मोडला आणि माझ्या धाकट्या भावाला आत टाकलं. जामीन होऊन दीड महिना झाला पण सातबारावाला जामीनदारच मिळंना, भावकीतलं कुणी उभं राहत नाही. मागच्या वेळी जेलात त्याला भेटायला गेले तर त्याचा डोळा काळानिळा. झोपायच्या जागेवरून मारलं म्हणे. दोन दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन, पाच हजार फोनपे करा, तुमच्या भावाला पंख्याखाली जागा देतो. पाठवू का? - एक बहीण, परभणी जिल्हा

उत्तर : नका पाठवू बाई. एकदा पाठवले की तुमचा भाऊ त्यांच्या लेखी दुभती म्हैस झाला, पुढच्या महिन्यात परत फोन येणार.

लोकांना वाटतं आत सगळे खुनशी म्हणून मारामाऱ्या होतात. मी लीगल एडकडून, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी योजनेतून, जेलमध्ये जायचे तेव्हा मलाही तसंच वाटायचं, पण भांडणाचं कारण विचारलं की निघायचं काय तर अंथरूण, नळाचं पाणी, कॅन्टीनची बिस्किटं, नाहीतर फोन करायची पाळी. २०२२ च्या सरकारी आकड्यात देशभरात १०० जणांच्या जागेत १३१ माणसं होती आणि चारातले तीन कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा सिद्धच झालेला नाही. जागा कमी, दिवसभर हाताला काम नाही, स्टाफ अपुरा, मग बराकीत कोण कुठं झोपणार हे ठरवतो तिथलाच एखादा दांडगा. खरं दुखणं हे आहे, वाटप ज्याच्या हातात त्याची दादागिरी. ते काम जेलच्या माणसाने वहीत लिहून केलं की अर्धी भांडणं तिथंच मिटतात असं माझं मत आहे.

आता तुम्ही काय करायचं. जेल अधीक्षकांच्या नावाने साधा अर्ज लिहा, डोळ्याला मार आहे, डॉक्टरकडून तपासणी करून नोंद घ्या आणि बराक बदलून द्या. फोन आलेला नंबर आणि तारीख त्यात टाका. मारणाऱ्यांची नावं घालायची का हे आधी भावाला विचारा, कारण रात्री तिथं त्याला झोपायचंय, तुम्हाला नाही. दोन कॉपी न्या आणि एकीवर शिक्का घ्या, शिक्क्याशिवाय हलू नका. पुढच्या तारखेला, व्हिडिओ कॉलवर का असेना, भावाने जजसाहेबांना स्वतः सांगायचं.

पत्राने काय होतं असं म्हणू नका. तिहारमधल्या सुनील बत्रा नावाच्या कैद्याने सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिलं होतं की नातेवाइकांकडून पैसे उकळायला वॉर्डरने, म्हणजे जेलच्या पहारेकऱ्याने, दुसऱ्या कैद्याचे हाल केले. कोर्टाने ते पत्रच याचिका धरलं आणि १९७९ मध्ये निकाल दिला. तुमचीच गोष्ट की नाही?

जामीनदाराचं तर याहून सोपं आहे, पण कुणी सांगत नाही. ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जामीन होऊनही माणूस सात दिवसांत सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. तुमचा तर दीड महिना झाला! जिल्हा कोर्टात प्राधिकरणाचं ऑफिस असतं तिथं जा, नाहीतर १५१०० ला फोन लावा. कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागितला तर देऊ नका, लागत नाही. चुलत्याच्या पाया पडायची तर अजिबात गरज नाही.

प्रश्न : जेल म्हणजे शिक्षा, तिथं पंखा आणि पाणी कशाला? गुंडांचे लाड बंद करा. - एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : लाड नको म्हणता, बरं. न्यूयॉर्क राज्यात अ‍ॅटिका नावाचं जेल आहे, १९७१ मध्ये तिथं साधारण १,६०० च्या जागेत २,२०० लोक कोंबले होते, आठवड्याला एक अंघोळ. सप्टेंबरमध्ये कैद्यांनी उठाव केला, गार्ड ओलीस धरले आणि शेवटी ४३ माणसं मेली. त्यातली ३९ सरकारने जेल परत घेताना केलेल्या गोळीबारात, आणि त्यात ओलीस धरलेले १० जणही होते, म्हणजे सरकारचीच माणसं.